नीरेच्या दरडीतली बिळं: रिकाम्या घरट्यांतल्या माइट्सच्या कामाच्या नोंदी

वीर धरणाच्या खाली नीरा नदीच्या काठाला काही ठिकाणी मळईची उभी दरड आहे. त्या दरडीत आणि अशाच मातीच्या उभ्या कडांत तीन पक्षी बीळ कोरून घरटं करतात: पाकोळी (पक्षीनिरीक्षक हिला प्लेन मार्टिन म्हणतात), कवड्या धीवर आणि वेडा राघू. पिल्लं उडून गेल्यावर बिळात मागे उरतात ते माइट्स. कोळी-गोचिडांच्या गोतातले, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतले, आठ पायांचे जीव. ते गोळा करायचे, मातीतून वेगळे काढायचे आणि निदान कुळापर्यंत ओळखायचे, एवढं काम आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलं. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर पैसे कुठे जातात, वेळ कुठे जातो आणि काय फसतं हे आधीच कळावं म्हणून या नोंदी.

४ फेब्रुवारी

परवानगीचा कागद हातात आला. अर्ज गेल्या पावसाळ्यात टाकला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हेसुद्धा शिकारीत मोडतं. शिक्षण आणि संशोधनासाठी कलम १२ खाली परवानगी मिळते. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या पक्ष्यांची घरटी, कोणत्या महिन्यांत आणि घरटं रिकामं झाल्याची खात्री कशी करणार. "रिकाम्या घरट्यातला कचरा" असं मोघम लिहिलं की कागद खुलाशासाठी परत येतो आणि त्यात महिना जातो. हंगाम चुकला की सरळ पुढचं वर्ष.

दुर्बिणीतून वसाहत पाहिली. पाकोळ्यांची ये-जा अजून चालू आहे. त्यांचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बिळाच्या तोंडाखाली ताजी विष्ठा दिसतेय, म्हणजे आत पिल्लं आहेत. आज जवळही गेलो नाही.

१९ फेब्रुवारी

अवजारं. पाकोळीचं बीळ साधारण तीस ते साठ सेंटिमीटर खोल जातं आणि शेवटी रुंद होतं. त्या रुंद जागेत गवत आणि पिसं अंथरलेली असतात. आपल्याला हवं ते तिथेच, पण बिळाचं तोंड एवढंसं की मनगट जेमतेम जातं. तोंड फोडून हात घालणं सोपं आहे, पण ते करायचं नाही. गेल्या वर्षीची काही बिळं यंदाही वापरात दिसतायत.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून विजेच्या फिटिंगच्या लोखंडी पाइपला स्टीलची पळी काटकोनात वेल्ड करून घेतली. दीडशे रुपये. पाइपवर दर पाच सेंटिमीटरला फाइलने खूण पाडली, म्हणजे माल किती आतून काढला ते लिहिता येतं. मोबाइलला जोडायचा नळीचा कॅमेरा ऑनलाइन मागवला, नऊशे रुपये. हा खर्च वाचवू नका. रिकामं वाटणाऱ्या बिळात काय बसलंय हे त्याच्याशिवाय कळत नाही.

गाडी साफ करायचा छोटा व्हॅक्यूमही आणला होता. दरडीच्या एका कोपऱ्यात, जिथे बीळ नाही तिथे, चालवून पाहिला. वाळू भराभर आत येते आणि तिच्या घर्षणाने किडे चिरडतात. पिशवीत घातलेले मोजून ठेवलेले पिठातले किडे तुकडे होऊन निघाले. व्हॅक्यूम बाद.

२४ मार्च

पाकोळ्या गेल्या. लागोपाठ काही सकाळी दरडीसमोर बसून एकही पाकोळी आत शिरताना दिसली नाही, तेव्हा कॅमेरा आत घातला.

ज्यांच्या रानातून वाट जाते ते आप्पा बरोबर होते. म्हणाले, "सर, हात घालू नका. उन्हाळ्यात त्यात पाणदिवड असतंय." एका बिळात खरंच वेटोळं दिसलं. ते बीळ यादीतून काढलं. पाणदिवड बिनविषारी आहे, पण त्याच बिळात नाग बसू शकतो आणि मोबाइलच्या पडद्यावर फक्त खवले दिसतात, जात दिसत नाही. पुढे येणाऱ्यांना एवढंच सांगणं, की दरडीच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, बाजूने काम करायचं. दुपारच्या उन्हात वाळलेली मळई कसलीही चाहूल न देता सुटते.

प्रत्येक बिळाचे तीन नमुने घेतले. एक तोंडाजवळच्या मातीचा, एक आतल्या गवत-पिसांचा आणि एक त्या गवताखालच्या भुग्याचा. शिवाय त्याच दरडीतली, कुठल्याच बिळाशी संबंध नसलेली, तेवढ्याच खोलीवरची माती. हा शेवटचा नमुना सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत गरजेचा. मातीत मुळातच माइट्स असतात. पळीबरोबर ती माती येतेच. नुसत्या मातीत काय निघतं ते ठाऊक नसेल, तर मातीतले रहिवासी आपण पाकोळीच्या नावावर लिहून मोकळे होतो.

२५ मार्च

वाटेतच निम्मा माल बिघडला. नमुने झिपच्या पिशव्यांत होते आणि गाडीत ऊन लागलं. पिशव्यांच्या आतून पाणी सुटलं, त्या थेंबांत माइट्स चिकटून मेले. ज्या पिशव्या सावलीत राहिल्या त्यांचं वेगळंच झालं. झिपच्या कडेने भुरकट ठिपके बाहेर आले आणि टेबलावर पसरले. एका विद्यार्थिनीच्या मनगटावर तासाभरात पुरळ उठलं. दोन दिवसांत ते गेलं. पण रक्त पिणारे काही माइट्स माणसालाही चावतात हे आधी सांगून ठेवलेलं बरं. काम झालं की कोपरापर्यंत साबणाने धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे.

आता पद्धत अशी: नमुना आधी जाड सुती पिशवीत, ती प्लॅस्टिकच्या डब्यात, डब्याच्या आतल्या कडेला बोटभर व्हॅसलिनचा पट्टा, आणि डबा थर्माकोलच्या खोक्यात. बर्फ नाही. बर्फाने खोक्यात ओल धरते, शिवाय गारठलेले माइट्स नंतर, त्यांना मातीतून वेगळं करायच्या नरसाळ्यात, हलत नाहीत. ओली फडकी पुरतात.

३१ मार्च

नरसाळ्यांचा आठवडा. युक्ती जुनीच आहे. चाळणीत माल ठेवायचा, वरून ऊब द्यायची. वरचा थर सुकत जातो तसे जीव ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि शेवटी चाळणीतून खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. इटलीच्या अंतोनियो बेर्लेसे यांनी १९०५ साली गरम पाण्याचं वेष्टण असलेलं नरसाळं वापरलं. स्वीडनच्या आल्बर्ट तुलग्रेन यांनी १९१८ मध्ये गरम पाण्याऐवजी विजेचा बल्ब लावला. आमचं नरसाळं रॉकेलच्या दुकानातलं चाळीस रुपयांचं, वर स्वयंपाकघरातली स्टीलची चाळण एकशेवीसची, सहा नरसाळ्यांना मिळून प्लायवूडची मांडणी साडेतीनशेची.

बल्बने रडवलं. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. तीन दिवसांनी वरचा थर होता तेवढाच ओला. झिरोचा बल्ब लावून पाहिला, तोही कमी पडला. जुना पिवळा तारेचा बल्ब आता सहजी मिळत नाही. तालुक्याच्या गावात एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात साठ वॅटचे मिळाले, वीस रुपयाला एक. लावले आणि सकाळी बघतो तर वरचा थर पापडासारखा वाळलेला आणि बाटलीत फक्त पळणारे, लांब पायांचे माइट्स. जे हळू चालतात ते वाटेतच सुकून मेले होते. चाळणीतला माल सूक्ष्मदर्शकाखाली उलगडल्यावर त्यांची कलेवरं सापडली.

या कामात सगळ्यांत मोठा धोका हाच आहे. बाटलीत काहीतरी मिळतं, त्यामुळे नरसाळं चाललं असं वाटतं. प्रत्यक्षात ते फक्त चपळ मंडळी देत असतं, आणि घरट्यातले चपळ माइट्स बहुधा रक्तपिते नाहीतर शिकारी. मग घरटी रक्तपित्यांनी भरलेली आहेत असा निष्कर्ष निघतो. तो घरट्याचा नसून बल्बचा असतो.

८ एप्रिल

जमलं ते असं. पंचवीस वॅटचा बल्ब, पहिले दोन दिवस चाळणीपासून हातभर उंच, मग रोज चार बोटं खाली. एकूण सहा-सात दिवस. माल दोन बोटांपेक्षा जाड पसरायचा नाही. बाटली पहिल्या तासात लावायचीच नाही. माल चाळणीत टाकला की वाळू आणि पिसांचा चुरा खाली गळतो. तो कागदावर झेलायचा, हलक्या हाताने परत वर टाकायचा आणि मग बाटली लावायची. मलमलीचा कपडा लावून गाळ अडवायचा प्रयत्नही केला. गाळ अडला, पण त्याबरोबर मोठे माइट्सही अडले. कपडा काढला.

वीज जाणं हा आमच्याकडचा कायमचा अडथळा. चार तास वीज गेली की खालून आलेल्या ओलाव्याने जीव पुन्हा वर चढतात. इन्व्हर्टर असलेल्या खोलीत मांडणी हलवली. इन्व्हर्टर नसेल तर दिवस वाढवून द्या, पण नोंदवहीत वीज गेल्याचे तास लिहा, नाहीतर दोन नरसाळ्यांची तुलनाच करता येत नाही.

अल्कोहोल: महाविद्यालयाला इथेनॉल मिळायला परवाना लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलच्या दुकानात सहज मिळतं. ते डिस्टिल्ड पाण्यात सत्तर टक्क्यांवर आणून वापरलं. घाईत एका बाटलीत सॅनिटायझर ओतलं गेलं होतं. त्यातल्या ग्लिसरीनमुळे सगळा माल चिकट झाला. ती बाटली पुढे उपयोगाची राहिली नाही.

लेबल पेन्सिलने, चांगल्या कागदावर, कुपीच्या आत. जेल पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बाहेर चिकटवलेलं लेबल ओल्या बोटांनी निघून येतं.

२२ एप्रिल

कवड्या धीवराचं बीळ. जोडी पंधरवड्यापासून फिरकलेली नाही. बिळाच्या तोंडातून आलेली पांढरी रेघ वाळून गेलीय. पिल्लांची विष्ठा बोगद्यातून बाहेर वाहते, तिची ही रेघ. आत माशांच्या काट्यांचा आणि खवल्यांचा थर. पळी बाहेर आली तशी अमोनियाचा झणका डोळ्यांत गेला. मास्क लावा.

धीवर घरट्यात काही अंथरत नाही. जे साचतं ते त्याच्या ओकलेल्या अन्नाचं. पाकोळीच्या पिसांच्या गादीनंतर हा माल हातात घेतला की दोन बिळांतला फरक सूक्ष्मदर्शकाआधीच कळतो. इथे पायाला चिकटणारा ओला चिखल आहे, माश्यांच्या अळ्या वळवळतायत, आणि कोरड्या पिसांत लपणाऱ्याला जागाच नाही.

या मालाला नरसाळं फारसं उपयोगी नाही. ओला गोळा वरून कडक होतो, आत तसाच राहतो. मालाचे दोन भाग केले. एक विरळ करून, कोरड्या निर्जंतुक वाळूत मिसळून नरसाळ्यात टाकला. दुसरा अल्कोहोलमध्ये धुऊन एकाखाली एक तीन चाळण्यांतून गाळला. दुसऱ्या पद्धतीत वेळ तिप्पट लागतो, डोळे दुखतात, पण मिळतं जास्त.

१० मे

स्लाइडा. माइट ओळखायचा तर आधी पारदर्शक करावा लागतो. पुस्तकात हॉयरचं मिश्रण दिलेलं असतं: पन्नास मिलिलिटर पाणी, तीस ग्रॅम अरेबिक डिंक, दोनशे ग्रॅम क्लोरल हायड्रेट, वीस मिलिलिटर ग्लिसरीन. त्यातलं क्लोरल हायड्रेट मिळवण्याच्या नादात पंधरवडा गेला. ते मिळालं नाही म्हणून काम अडवू नका. लॅक्टिक आम्लात माइट ठेवून स्लाइड कोमट प्लेटवर काही तास ठेवली की शरीर स्वच्छ होतं. खळग्याच्या स्लाइडवर त्यातच बघायचं, फोटो काढायचा आणि परत अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. स्लाइड कायमची टिकत नाही, पण माइट टिकतो. प्लेट गरम असेल तर आम्ल उकळतं, बुडबुडे पायांच्या सांध्यांत अडकतात आणि तो नमुना जातो. बोटाला सोसेल एवढीच ऊब.

उचलायला शून्य नंबरचा ब्रश, त्याचेही चार-पाच केस ठेवून बाकी कापलेला. चिमटा नको.

आज पाकोळीच्या पिसांच्या थरातला एक माइट नीट बघायला मिळाला. भुकेला असताना हा राखाडी-पांढरा असतो. यानं मात्र रक्त प्यालेलं होतं. आतड्याच्या फांद्या गडद तांबड्या रंगाने भरलेल्या, पाठीच्या पातळ कातडीतून स्पष्ट दिसत होत्या. लॅक्टिक आम्लात तो रंग हळूहळू उतरला, आणि मग तोंडाकडून दोन लांब, केसासारख्या बारीक सुया पुढे आलेल्या दिसल्या. पाठीवरची ढाल मागे बोथट. सुया आणि ढाल दोन्ही जुळतात, म्हणजे हा डर्मानिसस प्रजातीतला, कोंबड्यांच्या लाल माइटचा भाऊबंद. त्याच्याशी घोटाळा होतो तो ऑर्निथोनिसस या दुसऱ्या रक्तपित्या माइटचा. त्याची ढाल मागे निमुळती होत जाते आणि तोंडाच्या अवयवाच्या टोकाला कात्रीसारखी जोडी असते. ही दोन लक्षणं पाहिल्याशिवाय नाव लिहू नका. नुसत्या तांबड्या रंगावरून तर मुळीच नाही. रक्त प्यायलेला कुठलाही माइट तांबडाच दिसतो.

हे माइट्स पक्ष्याच्या अंगावर राहत नाहीत. दिवसा फटीत, गवतात दडतात आणि रात्री पिल्लांकडे जातात. पिल्लं उडून गेली की तिथेच थांबतात. कोंबड्यांचा लाल माइट अन्नाविना कित्येक महिने तग धरतो. मार्चमध्ये रिकाम्या झालेल्या बिळात आम्हाला ते जिवंत मिळाले यात म्हणून आश्चर्य नाही. पिसांवर कायम राहणारे पीसमाइट वेगळे. ते आम्हाला फक्त गळलेल्या पिसांच्या बारीक तंतूंत अडकलेले मिळाले. ते घरट्याचे रहिवासी नाहीत, त्यांची मोजणी वेगळी ठेवली.

आप्पांच्या घरी हा फोटो दाखवला. त्यांच्या आई म्हणाल्या, "खुडूक कोंबडीच्या पाटीत असतात ते हेच की. आम्ही खाली राख घालतो." खुराड्यातला हा अनुभव विद्यार्थ्यांना व्याख्यानापेक्षा लवकर पटला.

२५ मे

वाईट दिवस. वसाहतीच्या वरच्या अंगाची दरड जेसीबीने तोडून नेलेली आहे. माती-वाळू दोन्ही गेली. पाकोळ्यांची बिळं असलेला जवळजवळ सगळा तुकडा गेला. आमच्या यादीतली पुढच्या वर्षी पुन्हा पाहायची म्हणून खूण केलेली बिळंही गेली.

पाकोळ्या दुसरी दरड शोधतील, पक्षी उडू शकतो. बिळात वाट बघणाऱ्याला उडता येत नाही. युरोपात सँड मार्टिनच्या (आपल्या पाकोळीच्या जवळच्या नात्यातल्या पक्ष्याच्या) बिळांत इक्सोडिस लिव्हिडस नावाची एक गोचीड आहे, ती त्याच पक्ष्याच्या बिळांशी बांधलेली. अशा जिवांसाठी दरड म्हणजे सगळं जग. नीरेच्या या दरडीत कुणी असं बांधलेलं होतं का, हे बघायच्या आत ती ट्रॉलीत भरली गेली. गाळ आणि वाळू उचलण्याच्या नियमांत पक्ष्यांच्या बिळांचा विचार व्हायला हवा, निदान विणीच्या महिन्यांत तरी. तलाठी कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे, सोबत बिळांचे फोटो आणि ठिकाणाचे आकडे. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी बिळांचे फोटो ठिकाणासह काढून ठेवावेत. नंतर दाखवायला दुसरं काही उरत नाही.

१७ जून

वेडे राघू. यांची वीण मार्च ते जून, आणि पाऊस यायच्या आत नमुने घ्यायचे, म्हणजे हाती फार थोडे दिवस. वीटभट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्याच्या उभ्या कडेला यांची बिळं आहेत. आज पहाटे एक सर पडून गेली, पण बिळाच्या आत कोरडं होतं.

राघूही काही अंथरत नाही. उघड्या मातीवर अंडी. पण पक्षी किडेखाऊ, त्यामुळे पिल्लं मोठी होईपर्यंत तळाला पंख, पाय, मधमाश्या आणि चतुरांचे तुकडे यांचा काळा, चकाकता थर साठतो. पळीत आलेला माल उन्हात धरला तर चतुराच्या पंखांचे तुकडे चमकतात.

पाकोळीच्या मालासाठी एक दुसरी पद्धत चालली होती: मिठाचं संपृक्त पाणी. माल त्यात ढवळला की वाळू तळाला बसते, माइट्स तरंगतात. नरसाळ्यातून उरलेल्या मालात किती राहिले हे तपासायला ही पद्धत स्वस्त आणि चांगली, खडेमिठाच्या एका पुड्यात काम होतं. राघूच्या मालाला मात्र ती लागू पडत नाही. किड्यांची सगळी टरफलंही माइट्सबरोबर वर येतात आणि वर काळ्या तुकड्यांची साय धरते. तिच्यातून माइट शोधणं म्हणजे हाताने निवडणंच झालं. मग सरळ तेच केलं. पेट्री डिशमध्ये चिमूटभर माल, थोडं अल्कोहोल, खाली पांढरा कागद, एकेक तुकडा उलटवत.

या निवडण्यातच सगळ्यांत सुंदर गोष्ट सापडली. तळाच्या थरात टरफलं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या होत्या आणि मोठे भुंगेरेही. एका भुंगेऱ्याच्या पोटाखाली तपकिरी, गोल, टणक पाठीचे माइट्स, प्रत्येक जण एका पारदर्शक देठाने भुंगेऱ्याला जोडलेला. ही युरोपोडिना गटातली पोरं. मोठं होण्याआधीच्या अवस्थेत ती मागच्या टोकातून चिकट द्राव सोडतात, तो वाळून देठ होतो, आणि भुंगेरा जाईल तिकडे ती जातात. नव्या घरट्यात पोचली की देठ सोडून उतरतात. भुंगेऱ्याचं रक्त वगैरे काही पीत नाहीत, फक्त प्रवास. नरसाळ्याच्या बाटलीत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण भुंगेरा अल्कोहोलमध्ये तडफडतो तेव्हा देठ तुटतात आणि माइट्स सुटे होऊन तळाला जातात.

म्हणून आता राघूच्या मालातले भुंगेरे नरसाळ्यात टाकायच्या आधीच हाताने वेचून स्वतंत्र कुपीत ठेवतो.

५ जुलै

धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठचं काम बंद. आता टेबलाचं काम.

तिन्ही पक्ष्यांचे नमुने शेजारी मांडले आणि दरडीच्या नुसत्या मातीतले वजा केले. मातीच्या नमुन्यांत मुख्यतः ओरिबॅटिड निघाले, कडक कवचाचे, काळसर, कुजकं खाणारे. तोंडाजवळच्या सगळ्या नमुन्यांत हेच जास्त. त्यांना घरट्याचे म्हणण्यात अर्थ नाही.

पाकोळीच्या पिसांत रक्तपिते आहेत, पण एकटे नाहीत. त्यांच्याच थरात लिलॅपिड कुळातले पिवळसर शिकारी आहेत आणि चेलेटस हा आणखी एक शिकारी माइट आहे. चेलेटसचे पुढचे दोन स्पर्शपाद (तोंडाजवळचे पायांसारखे अवयव) अंगाच्या मानाने अगडबंब, टोकाला नखं. एका स्लाइडवर तो दुसऱ्या माइटचा पाय धरलेल्या स्थितीतच मिळाला. तसाच ठेवला आहे, वेगळा केला नाही. पिसांच्या चुऱ्यात घरच्या धुळीतल्या माइट्सच्या कुळातले, फिकट, मऊ अंगाचे माइट्सही आहेत. या कुळातले बरेचसे सदस्य मुळात पक्ष्यांच्या घरट्यांतच राहतात, आपल्या गाद्यांत शिरलेले थोडे.

राघूच्या बिळात रक्तपिते फार कमी. तिथे टरफलांवर जगणारे, त्यांना खाणारे आणि भुंगेऱ्यावरून आलेले यांचीच वस्ती. धीवराच्या चिखलात माश्यांच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर ताव मारणारे मॅक्रोकेलिस प्रजातीतले धावपटू माइट्स. यातलेही काही माश्यांवर बसून येतात.

नमुने थोडे आहेत, नियम सांगायला पुरेसे नाहीत. पण पक्षी बिळात काय सोडून जातो त्यावर तिथे कोण नांदणार हे ठरतं, एवढं तिन्ही डब्यांवरून उघड दिसतं. "घरट्यातले माइट्स" म्हटल्यावर लोकांना फक्त रक्त पिणारे आठवतात, हे मला खटकतं. त्याच गवतात त्यांना खाणारे बसलेले असतात. नेदरलँड्समध्ये कोंबड्यांच्या लाल माइटवर उपाय शोधणाऱ्यांनी शिकारी माइट्स शोधले ते साळुंकीच्या गोतातल्या स्टार्लिंगच्या घरट्यांत. २००९ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. त्यात लिलॅपिड कुळातला अँड्रोलिलॅप्स कॅसालिस हा एक होता. पुणे-नाशिक पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना लागणारा एखादा शिकारी आपल्या नदीच्या दरडीत असू शकतो. तो शोधायचा तर दरड शिल्लक हवी आणि नमुना नीट घेतलेला हवा.

१२ ऑगस्ट

हिशेब. मांडणी, नरसाळी, चाळण्या, बल्ब, होल्डर, वायर मिळून सोळाशेच्या आसपास. कॅमेरा नऊशे, पळी दीडशे. कुप्या, अल्कोहोल, लॅक्टिक आम्ल, स्लाइडा यांना अडीच हजार. पेट्रोल वेगळं, आणि तेच सगळ्यांत जास्त. सूक्ष्मदर्शक विभागाचाच होता.

कुप्यांची तपासणी केली. रबरी बुचाच्या कुप्यांतून अल्कोहोल उडालंय, काही अर्ध्यावर आल्या. एका कुपीतले माइट्स काचेला चिकटून वाळले होते. कोमट लॅक्टिक आम्लात रात्रभर ठेवल्यावर निम्मे सुटले, बाकीच्यांचे पाय तुटले. सगळ्या कुप्या आता स्क्रूच्या झाकणाच्या मोठ्या बरणीत उलट्या बुडवून ठेवल्यात, बरणीतही अल्कोहोल, तोंडाला बुचाऐवजी कापसाचा बोळा. दर तीन महिन्यांनी पातळी बघायची.

लिलॅपिड आणि युरोपोडिना यांची ओळख जातीपर्यंत न्यायची तर तज्ज्ञाकडे जायला हवं. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे विचारणा करणार. त्यासाठी प्रत्येक कुपीसोबत पक्षी, बिळाची खोली, थर, तारीख आणि काढण्याची पद्धत असा तक्ता तयार केला. नरसाळ्यातले, मिठाच्या पाण्यातले आणि हाताने वेचलेले माइट्स एका कुपीत एकत्र केलेले नाहीत. तुम्हीही करू नका.

पुढच्या हंगामाच्या परवानगीचा अर्ज आजच दिला. धीवराची आणखी बिळं मागितली आहेत, आणि पाकोळ्यांसाठी पुलाखालची दुसरी दरड.